उगमाचं वावर

शेवतखेड,
१२ नोव्हेंबर

सतीश,

आशीर्वाद देते. राग आला म्हणून आशीर्वाद थांबवायची आपल्या घरात रीत नाही.

तू पाटावरून उठून गेलास तेव्हा निरांजन माझ्या हातातच होतं. भाऊबीजेचं पेटवलेलं निरांजन भाऊ निघून गेल्यावर कुठे ठेवतात ते मला कोणी शिकवलेलं नाही. तुझी गाडी गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत मी तशीच उभी होते. करंज्यांना तू हात लावला नाहीस. दुसऱ्या दिवशी त्या मी बौद्धवाड्यातल्या रूपाच्या घरी दिल्या, तिच्या पोरांनी फस्त केल्या. तुझं नुकसान झालं, माझं काही नाही.

फोन लावला तर माझ्या नंबरवरून लागत नाही. रूपाच्या फोनवरून लावला तर पहिल्या घंटीला उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस चार ओळी तरी वाचतोच.

मी म्हटलं तरी काय होतं? "सतीश, बोर रस्त्याकडच्या वावरात घे. झऱ्याच्या वावराले हात नको लावू." एवढंच ना? त्यावर तू सगळ्यांदेखत म्हणालास, "बाई, तू हक्क सोडला ना? मंग आता त्या वावराची चिंता कायले करतं?" तुझी बायको खाली पाहत होती. तुझे भाऊजी उठून गोठ्याकडे गेले. त्यांचं एकच म्हणणं, भाऊ-बहिणीच्या मधात मी पडत नाही.

हक्क सोडला, खरं आहे. बाबा गेले त्या वर्षी मानोऱ्याला जाऊन सही केली. तिथल्या कारकुनाने विचारलं होतं, "बाई, समजून सही करून राह्यल्या ना?" मी हसले. म्हटलं, भावाले देताना काय समजून घ्याचं? माझ्या सासूने केली होती, जावेने केली, सगळ्याच करतात. जी बहीण वाटा मागते तिचं माहेर तुटतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. तू मला हिरवं लुगडं घेतलंस आणि तुझे भाऊजी धरून आपण तिघं हॉटेलात भजी खाऊन परत आलो. तो दिवस चांगलाच गेला होता.

तुला पुण्याला जाऊन एक जन्म झाला, म्हणून पुन्हा सांगते. आपल्या सावरमाळच्या वावरात वरच्या कोपऱ्याला उंबर आहे. उंबराच्या मुळाशी खडक आहे. खडकातून जे पाणी निघतं तीच वाकी नदी. दुसरा उगम नाही तिला. तिथून ती हेमसिंगच्या तांड्याखालून जाते, सागाच्या दरीतून उतरते, आमच्या शेवतखेडला येते आणि पुढे अरुणावतीला मिळते. तांडा तिचंच पाणी पितो. आमच्या नळयोजनेची विहीर तिच्याच काठावर आहे. तू त्या उंबराजवळ बोर घेतलास तर खडकातलं पाणी खाली ओढलं जाईल आणि झरा बंद पडेल. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. वाशिमहून वैभवी येते ना, नदीचं शिकलेली पोरगी, तिने आम्हा पाच बायांना चित्र काढून समजावलं आहे. दर अमावास्येला आम्ही पाचजणी वाकीचं पाणी तपासतो. तुझ्या भाषेत सांगायचं तर बायांना उद्योग नाही.

संत्र्याची बाग कर. शेततळं कर. नोकरीतून सुटल्यावर माळावर येऊन राहा, मला आनंदच आहे. फक्त बोर त्या वावरात नको. मी कुणाकडे तक्रार केलेली नाही आणि करणारही नाही. घरातली गोष्ट घरात राहावी.

उत्तर दे. नाही तर नुसता नंबर तरी सोडव.

तुझी बाई,
भागिरथा

शेवतखेड,
३१ जानेवारी

सतीश,

सोबत तिळगूळ आहे. संक्रांत होऊन गेली, पण आपल्यात गोड बोलायला उशीर झालाच आहे तर तिळगुळाला झाला म्हणून काय बिघडलं?

परवा अमावास्या होती. आम्ही पाचजणी उगमावर गेलो. खडकाच्या तोंडाशी बादली लावायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलमध्ये पाहायचं, अशी आमची रीत. रूपाला तेव्हाच जांभई आली. तिची जांभई पुरी व्हायच्या आत बादली भरून वाहिली. मग आम्ही खाली उतरत दगड उलटे करून पाहिले. तुला वाटेल म्हाताऱ्या बाया दगडं उलटवतात, डोकं फिरलं. पण दगडाखाली एक अळी असते. ती बारीक वाळू चिकटवून स्वतःभोवती घर करते आणि ते घर अंगावर घेऊनच फिरते. पाणी जरा बिघडलं की आधी ती जाते. रूपा तिला बिऱ्हाडकरीण म्हणते. यंदा एकेका दगडाखाली चार चार बिऱ्हाडं होती. वैभवी म्हणाली, "काकू, मी एवढ्या नद्या हिंडते, पण पयल्या धारेचं पाणी इतकं जितं मी कुठंच पाह्यलं नाही." मला तर माझीच तारीफ केल्यासारखं वाटलं. माहेरचं कौतुक झालं की बाईचं असंच होतं.

पण ते सांगायला हे पत्र नाही. आम्ही वरून निघालो तेव्हा हेमसिंग भेटला. तुझं वावर बटईने, अर्ध्या वाट्यावर, तोच करतो, म्हणून मी त्याला आपलेपणाने विचारलं, काय चाललं आहे? त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, सतीशभाऊ येऊन गेले. पाणी पाहणारा संगं होता. सारं वावर फिरले, नारळ कुठंच उभा होईना. उंबराजोळ गेले अन् हातावरचा नारळ ताठ उभा झाला."

सतीश, झऱ्याच्या काठावर नारळ उभा राहणार नाही तर काय झोपणार? तिथे पाणी आहे हे सांगायला नारळ कशाला हवा? दोन कावळेही सांगतील. तुला इंजिनिअर केलं बाबांनी आणि तू नारळवाल्यामागे हिंडलास.

आणि तू सावरमाळला येऊन गेलास. माझं घर तिथून किती लांब आहे? गाडीने चिलीम पेटायच्या आत येतोस. तू आला नाहीस. रात्रभर मला हेच लागून राहिलं, बोरचं नंतर. तुझ्यासाठी तुरीच्या शेंगा उकडून ठेवायचे तो हंगाम आहे. यंदा कुणासाठी उकडू?

हेमसिंगला मी म्हटलं, तुझा तांडा याच पाण्यावर आहे, तू सांग ना भाऊला. तो म्हणाला, "वावर त्यायचं हाय बाई. मी कसं सांगू? उद्या बटई दुसऱ्याले देतील." त्याचंही खरं आहे. ज्याचं पोट ज्याच्या हातात, त्याने त्याच्यापुढे तोंड कसं उघडायचं?

तिळगूळ घरचा आहे. खा.

बाई

शेवतखेड,
२४ फेब्रुवारी

सतीश,

आज खरं लिहिते. पहिल्या पत्रात लिहिलं की तक्रार केली नाही. तेव्हाच केली होती. भाऊबीज झाली त्याच आठवड्यात मी आणि रूपाने तहसीलला अर्ज दिला होता. तुला लिहिताना लाज वाटली आणि वाटलं, तू ऐकलंस तर अर्ज मागे घेईन, तुला कळणारही नाही. आता कळू दे.

अर्जाची तारीख लागली म्हणून काल कचेरीत बोलावलं. साहेब तरुण होते, बोलायला चांगले होते. पाणीही विचारलं. मग म्हणाले, "त्या सातबाऱ्यावर तुमचं नाव?"

म्हटलं, नाही.

"सावरमाळच्या रहिवासी?"

म्हटलं, नाही, शेवतखेडला दिलेली.

"मग तुम्ही कोण?"

म्हटलं, बहीण.

ते हसले नाहीत, उलट त्यांचंच तोंड उतरलं. म्हणाले, "काकू, बहीण म्हणून हरकत घेता येत नाही हो. तुमचा वाटा असता तर एका अर्जावर काम थांबलं असतं." मी विचारलं, गावाच्या पिण्याच्या पाण्याजवळ बोर घेऊ नये असा नियम आहे ना? आहे म्हणाले. पण आमची नळयोजनेची विहीर खूप खाली आहे, तिथवर नियम पोचत नाही. आणि झरा सरकारी कागदावर कुठेच नाही. तांडा पिढ्यान् पिढ्या पाणी पितो, पण कागदावर तिथे नुसतं उंबराचं झाड आहे. त्यांनी एक वाट सांगितली. सावरमाळच्या ग्रामसभेचा ठराव आणा.

तिथूनच मी सावरमाळला गेले. आपल्याच गावात, आपल्याच लोकांपुढे उभी राहिले. बबनरावांच्या ओट्यावर आठ-दहा जण बसले होते. सगळ्यांनी विचारपूस केली, चहा दिला. बोरचं काढलं तसे एकमेकांकडे पाहायला लागले. बबनराव म्हणाले, "भागिरथा, तू माह्या पोरीसारखी. पण हे भावाबहिणीचं भांडण हाय. आमी कायले मधात पडा? अन् गावात बोर कोनाच्या घरी नाही? सतीशनं घेतला त आभाय फाटते काय?"

म्हटलं, काका, तुमचे बोर खालच्या अंगाला आहेत. हा नदीच्या तोंडात आहे.

ते म्हणाले, "नदी काय एका बोरनं मरते व?"

त्यांना वाटतं मी वाटा मागायला आले आहे. पाण्याचं निमित्त आहे, डोळा वावरावर आहे. उठताना मागून एकजण बोललाही, "सोडलेला हक्क आता आठोला." मी वळून पाहिलं नाही. वळले असते तर कोण ते कळलं असतं आणि जन्मभर त्याच्याशी बोलता आलं नसतं.

सतीश, अर्धं वावर माझं होतं. वाटणी झाली असती तर वरचा कोपरा मला दे म्हणून मी तुझ्याकडे हट्ट केला असता. त्यात मी काही पिकवलं नसतं. उंबर उभा ठेवला असता आणि खडकाला हात लावू दिला नसता, एवढंच. तुझं वावर अख्खं राहावं म्हणून नाही, माझं माहेर टिकावं म्हणून मी सही केली. आता माहेर म्हणून जे राहिलं आहे ते वाचवायला गेले तर सगळे विचारतात, तू कोण.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला सांगू?

बाई

शेवतखेड,
२० मार्च

सतीश,

परवा तुझ्याकडून हसत परत आले. म्हणून तुला वाटत असेल सगळं मिटलं. म्हणूनच लिहिते.

सकाळी हेमसिंगचा फोन आला, "बाई, बोरची गाडी लागली." मी हातातली भाकर तव्यावर टाकून निघाले. रूपाच्या गाडीवर मागे बसले. वाटेत तिला सांगितलं, मी गाडीच्या चाकापुढे बसणार आहे, तू फोनमध्ये चित्र काढ. काय व्हायचं ते होऊ दे. ती म्हणाली, "काकू, मी बी बसतो तुमच्या संगं."

आम्ही बांधावर पोचलो तर बोरची गाडी उंबराखाली उभी, दुसरी तिच्या मागे, आणि सगळीकडे खडकाचं पीठ उडत होतं. तू मला पाहिलंस. मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू हात वर करून म्हणालास, "या बाई! या, या! अरे खुर्ची आना रे. माही मोठी बहीण हाय." गाडीवरची पोरं तामिळनाडूकडची. त्यांना भाषा कळत नव्हती, पण तू माझ्याकडे ज्या हाताने दाखवलंस तो हात त्यांना कळला. एकाने मला नमस्कार केला. दुसऱ्याने लाल खुर्ची आणली, गमछ्याने पुसली आणि सावलीत ठेवली. हेमसिंगने थंड बाटली आणून दिली.

आणि मी बसले.

खुर्चीवर बसलेल्या बाईला चाकापुढे बसता येत नाही, सतीश. मी खूप विचार केला आहे यावर. शिवी दिली असतीस तर मी जमिनीवर लोळले असते. मान दिलास, मग काय करणार?

तरी मी म्हटलं. बाटली हातात धरून म्हटलं, "सतीश, थांब." मशीनचा एवढा आवाज की तू कानाला हात लावून वाकलास. "काय म्हणतं बाई?" मी ओरडून म्हटलं, थांबव. तू मान हलवलीस, हसलास आणि बायकोला म्हणालास, बाईला ऊन लागून राह्यलं, खुर्ची आत घ्या. खुर्ची आणखी सावलीत गेली. मीही गेले.

मग त्या पिठाचा रंग बदलला. ओला गारा आला. आणि एकदम पाणी वर उसळलं, उंबराच्या फांदीला लागलं. तू गुडघाभर चिखलातून धावत आलास आणि माझे पाय धरलेस. सगळ्यांदेखत. "बाई, तुह्या पायगुणानं लागलं! सकाळपासून कोरडा भुगा येऊन राह्यला होता. तू आली अन् पाणी!"

तुझ्या बायकोने ताट आणलं. म्हणाली, "पयली पूजा माहेरवाशिणीच्या हातची." हळद होती, कुंकू होतं, नारळ होता. मी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू हसत होतास. आई गेल्यापासून तुला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. तुझ्या भिवयांनाही चिखल लागला होता आणि तो पुसावा असं मला वाटलं. मी पदराने पुसला. एवढं झाल्यावर मी काय बोलणार होते? तू म्हणालास, "चल बाई, झालं गेलं बोरात गेलं." सगळे हसले. मीही हसले.

रूपा बांधावरच उभी होती. तिने चित्र काढलं नाही. येताना तिने गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाली, "काकू, तुमी नारळ फोडला."

म्हटलं, हो.

"मले वाटलं, तुमी चाकापुढं बसान."

म्हटलं, "त्यानं खुर्ची दिली न व."

तिने मला माझ्या दारात सोडलं आणि चहालाही थांबली नाही. बौद्धवाड्यात नळाची शेवटची तोटी आहे. नदी कमी झाली की पहिलं पाणी त्यांचं जातं. हे मला माहीत आहे आणि तिला माहीत आहे की मला माहीत आहे.

निघताना तू दिलेलं लुगडं सुरेख आहे. रंग मला शोभतो म्हणतात.

बाई

शेवतखेड,
२८ एप्रिल

सतीश,

आता तू रोज फोन करतोस. शेततळ्याचे फोटो पाठवतोस. परवाच्या फोटोत तू कमरेवर हात ठेवून उभा आहेस आणि मागे काठोकाठ पाणी आहे. संत्र्याची कलमं पावसाळ्यात लावायची, अजून आणलीही नाहीत, आणि त्यांचं पाणी आत्ताच उन्हात भरून ठेवलं आहेस. मी उत्तरात "छान" लिहिलं आणि अंगठा पाठवला. फोनवर मी छानच म्हणते. खरं फक्त कागदावर येतं, म्हणून कागद.

मागे मी विचारलं, माझी पत्रं मिळाली का? तू म्हणालास, "भेटली न बाई. हिनं कपाटात जपून ठेवली. तुहं अक्षर अजूनबी मोत्यावानी हाय." वाचलीस का म्हटलं, तर म्हणालास, "वाचतो न, जरा सवड भेटू दे." बरं आहे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा एवढ्या प्रेमाने बोलतो की ओतणाऱ्याला रागावताही येत नाही.

काल अमावास्या होती. उगमावर गेलो. वैभवीच्या संस्थेचं काम मार्चअखेर संपलं, तरी ती स्वतःच्या खर्चाने एसटीने आली. खडकाचं तोंड ओलं होतं, एवढंच. थेंब धरून राहायचा, मोठा व्हायचा आणि पडायचाच नाही. बादली आम्ही लावलीच नाही. वैभवीने सवयीने दगड उलटे केले. बिऱ्हाडं होती, दगडाला चिकटून वाळलेली. रूपाने एक नखाने काढलं, फुंकलं, तळहातावर ठेवलं. आत काही नव्हतं. तिने ते परत दगडावर ठेवलं, जणू कुणी रात्री परत येणार आहे. वैभवी पाठ करून उभी राहिली. शिकलेली पोरगी आहे, आमच्यापुढे रडायची तिला लाज वाटली असेल.

मी त्यांना म्हटलं, पावसाळ्यात येईल पुन्हा. वैभवी म्हणाली, "पावसाचं पाणी येईल काकू, वाहून जाईल. हे पाणी वेगळं होतं." मला आवडलं असतं तिने खोटं बोललेलं.

दरीतले डोह आटले. मासे चिखलात तडफडायला लागले तशी पोरं टोपल्या घेऊन धावली. दोन दिवस सगळ्या गावात मासे शिजले. आमच्याही घरी शिजले. तुझ्या भाऊजींनी दोनदा मागून खाल्ले, मीही खाल्ले. चव चांगली होती.

मग उरलेल्या पाण्यावर हिरवा तवंग आला आणि वास सुटला. आमच्याकडे पाणी तपासायची एक लहान बाटली असते. पाणी भरून ठेवायचं, काळं पडलं तर प्यायचं नाही. आमच्या विहिरीची बाटली काळी पडली. ग्रामपंचायतीला सांगितलं, त्यांनी पावडर टाकली. आता विहिरीत पावडरच जास्त आहे. मोटर थोडी चालते आणि हवा ओढते. रूपाच्या वस्तीत तोटी उघडली की फुसफुसते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तांड्यावरच्या बाया आता तुझ्या बोरवर भरतात, हेमसिंगला विचारून. हेमसिंग म्हणतो, भाऊ कोणालेच नाही म्हणत नाहीत. मला ठाऊक आहे ते. तू वाईट असतास तर मला इतका त्रास झाला नसता. मी तुझ्यावर ओरडू शकले असते, शाप देऊ शकले असते, माहेर तोडून मोकळी झाले असते. तू तर पाणी देतोस.

ऊन फार आहे. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय वावरात जाऊ नको.

बाई

शेवतखेड,
१४ मे

सतीश,

आज टँकर आला.

काल तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दाम पाण्याचं काढलं नव्हतं. तूच म्हणालास, "बाई, तुह्या गावाले पाणी नाही म्हणते. मले सांगितलं काहून नाही? मी सायबाले सांगून टाकलं, टँकर माह्या बोरवर भरा. पैसा नको म्हणलं. माह्या बहिणीचं गाव हाय." तू दोनदा "हॅलो हॅलो" केलंस. मग मी म्हटलं, "बरं केलं."

सकाळपासून बाया रांगेत होत्या. घागरी, हंडे, रंगाचे रिकामे डबे. रूपा तिच्या वस्तीच्या बायांसोबत मागे होती. आम्ही अजून एकमेकींशी बोलतो, पण कामापुरतं. टँकर थांबला तसा ग्रामसेवक म्हणाला, भागिरथाबाई, तुम्ही शिकलेल्या आहात, आधी पाणी तपासा, मग वाटू. मी पाणी तपासायची पेटी उघडली. टँकरच्या तोटीतून पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग पाहिला. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

इतकं सुरेख पाणी होतं, सतीश. गार. ग्लासात काही दिसत नव्हतं. मी एक घोट घेतला आणि मला कळलं. ओंजळीने लहानपणी प्यायलेलं पाणी कुठेही दिलं तरी माणूस ओळखतो. हे पाणी दरवर्षी चालत यायचं. दरीतून, सागातून, आमच्या दारापर्यंत, कुणाला न विचारता. आज ते टाकीत बसून आलं होतं.

मला म्हणायचं होतं, बायांनो, हे तुमचंच आहे. हे दान नाही. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चांगलं हाय. प्या."

तुळसाबाई पुढे होत्या. आमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, त्यांना कुणी रांगेत थांबवत नाही. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. "भागिरथा, तुह्या भावानं धाडलं म्हणते. देवमाणूस हाय व तो. असा भाऊ सर्व्यायले भेटो." मागच्या बायाही बोलायला लागल्या. कुणी तुला औक्ष मागितलं, कुणी तुझ्या लेकरांना. ड्रायव्हरही म्हणाला, साहेब फार चांगले आहेत, आम्हाला जेवू घातलं.

मी रूपाकडे पाहिलं. मला वाटलं, ती तरी बोलेल. ती तोंडातून शब्द काढेल आणि मी म्हणेन, हो, हिचं खरं आहे. तिने घागर या हातातून त्या हातात घेतली आणि पोराला म्हणाली, सरक पुढं. तिच्या घरी दोन दिवसांपासून पाणी नव्हतं.

मग तुळसाबाईंनी सगळ्यांना मागे सारलं. माझा हात धरून मला तोटीपाशी आणलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "थांबा व साऱ्या. पयले हिले भरू द्या. हिच्या माहेरचं पाणी हाय."

सगळ्यांनी वाट दिली. रूपानेही दिली.

मी पहिला हंडा भरला, सतीश.

भागिरथा